मालमोटारीवरील जादा साहित्य आणि आसांवरील भार

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला दोन शब्द लहानपणापासून ठाऊक असतात. गाडीत मागे जास्त भार पडला की जू वर उचलले जाते आणि गाडी ‘उलाळ’ होते. पुढे जास्त भार पडला की तो बैलांच्या मानेवर येतो आणि गाडी ‘धुरजड’ होते. गाडीत एकूण किती पोती आहेत, एवढेच पाहून भागत नाही, ती आसाच्या कोणत्या बाजूस आणि किती अंतरावर रचली आहेत हेही पाहावे लागते, हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नाही. बैल लगेच अडतात, मान झटकतात, आणि मग पोती पुढेमागे सरकवली जातात.

मालमोटारही उलाळ होते आणि धुरजडही होते. फरक इतकाच की तिची तक्रार ताबडतोब ऐकू येत नाही. ती पुढे कधीतरी फुटलेल्या टायरच्या, तुटलेल्या पाट्याच्या किंवा खचलेल्या रस्त्याच्या रूपाने समोर येते. मालाच्या बाबतीत निदान वजनकाट्याची पावती तरी असते. परंतु गाडी घेतल्यानंतर तिच्यावर हळूहळू चढविलेल्या साहित्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. पुढचा लोखंडी गार्ड, केबिनच्या माथ्यावरील कॅरिअर, डिझेलची जादा टाकी, अवजारांची पेटी, मागे बसविलेला पंप, उंच केलेले फाळके, वाढविलेले पाटे अशा या जोडण्या असतात. पंचायतींचे टँकर, कचरागाड्या आणि भाड्याने घेतलेल्या मालमोटारी ज्यांच्या देखरेखीखाली चालतात त्यांनी हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणीपुस्तकातील आकडे

मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५८ प्रमाणे परिवहन वाहनाची नोंदणी करताना रिकाम्या गाडीचे वजन, टायरांची संख्या व आकार, भरलेल्या गाडीचे एकूण वजन आणि प्रत्येक आसावर येऊ शकणारे कमाल वजन, अशा बाबी नोंदविल्या जातात. यांतील शेवटची बाब बहुधा वाचली जात नाही. गाडीमालक एकूण वजन पाठ सांगेल. पुढच्या आसाची मर्यादा विचारल्यास पुस्तक उघडावे लागेल.

दोन आसांच्या, म्हणजे पुढे दोन व मागे चार टायर असलेल्या मालमोटारीसाठी पूर्वी पुढील आसास ६ टन आणि मागील आसास १०.२ टन, मिळून १६.२ टन अशी मर्यादा होती. केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये ती वाढवून पुढे ७ व मागे ११.५, मिळून १८.५ टन केली. आपल्या गाडीस कोणता आकडा लागू आहे हे तिच्या नोंदणीपुस्तकावरूनच ठरवावे. शेजारच्या गाडीवरून ठरवू नये.

येथे कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षात घ्यावयास हवी. कलम ११३ केवळ भरलेल्या गाडीपुरते नाही. रिकाम्या गाडीचे वजन नोंदणीपुस्तकातील रिकाम्या वजनाहून अधिक असेल, तर अशी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालविण्यासही ते मनाई करते. आणि रिकाम्या वजनात गाडीबरोबर कामासाठी नेहमी वापरले जाणारे सर्व साहित्य धरले जाते, अशी अधिनियमाची व्याख्या आहे. म्हणजे टँकरमागे कायमचा बसविलेला पंप हा ‘माल’ नव्हे, तो गाडीचाच भाग होय. आणि त्याची नोंद नसेल तर थेंबभर पाणी न भरताही गाडी नियमाबाहेर गेलेली असते.

तराजूचा नियम

कोणतेही वजन दोन आसांच्या मध्ये असेल तर ते दोघांत वाटले जाते. ज्या आसाच्या ते जवळ, त्याच्या वाट्यास अधिक. दोन आसांमधील अंतर ४.२ मीटर असलेल्या गाडीत मागील आसापासून १.०५ मीटर पुढे ठेवलेल्या वजनाचा पाव हिस्सा पुढच्या आसावर व पाऊण हिस्सा मागच्या आसावर येईल, कारण १.०५ हे ४.२ च्या चौथाई आहे. इतके गणित सर्वांना पटते.

घोटाळा होतो तो आसांच्या बाहेर टांगलेल्या वजनाबाबत. पुढच्या आसाच्या १.०५ मीटर पुढे १२० किलोचा लोखंडी गार्ड बसविला, तर पुढच्या आसावर १२० नव्हे, १५० किलो भार वाढतो आणि मागचा आस ३० किलोंनी हलका होतो. एकूण वाढ १२० किलोच. पण पुढच्या आसाने मागच्या आसाचेही ३० किलो आपल्याकडे ओढून घेतले. तरफेचा हा नियम शाळेच्या पुस्तकात असतो. गॅरेजमध्ये जोडकाम करताना मात्र त्याची आठवण क्वचित होते.

या दृष्टीने नेहमीच्या जोडण्यांकडे पाहावे. केबिनच्या माथ्यावरील कॅरिअर बहुतांशी पुढच्या आसाच्या वर असतो, म्हणून त्यावरील ताडपत्री, दोर, अंथरूण आणि स्टेपनी यांचा जवळजवळ सगळा भार पुढेच येतो. मोठ्या मालमोटारीची डिस्कसह स्टेपनी सुमारे शंभर किलोंची असते. पावसात भिजलेली ताडपत्री कोरड्या ताडपत्रीहून पुष्कळ जड होते. आणि हे सारे उंचावर असल्याने वळणावर गाडी झुकण्याची प्रवृत्ती वाढते ती निराळीच. ३०० लिटरची जादा डिझेल टाकी भरली की सुमारे २५० किलो वाढतात; ती सहसा दोन आसांच्या मध्ये असते, त्यामुळे भार वाटला जातो. आरशाला बांधलेले लिंबू-मिरची आणि काळी बाहुली यांचे वजन हिशेबात धरण्याजोगे नाही, एवढी सवलत द्यावयास हरकत नाही.

टँकरचे उदाहरण

उन्हाळ्यात मराठवाड्यातील आणि माणदेशातील गावोगावी जाणारा टँकर हे या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. १६.२ टन नोंदणीची जुनी मालमोटार आहे, दोन आसांत ४.२ मीटर अंतर आहे, असे समजू. चालकासह चासी व केबिन यांचा भार पुढे २.९ टन व मागे १.८ टन. टाकीचे स्वतःचे वजन १.६ टन आणि त्यात ९,६०० लिटर, म्हणजेच ९.६ टन पाणी. टाकी व पाणी मिळून ११.२ टन झाले. टाकीचा मध्य मागील आसाच्या १.०५ मीटर पुढे असेल तर यातील पाव हिस्सा, २.८ टन, पुढे व उरलेले ८.४ टन मागे जातील. आता पुढचा आस ५.७ टनांवर आणि मागचा बरोबर १०.२ टनांवर आहे. एकूण १५.९ टन. गाडी नियमात आहे. मागच्या आसावर मात्र एका किलोचीही सवड नाही.

पुढे कोणीतरी सुचविते की विहिरीवरून स्वतःच पाणी खेचता यावे म्हणून टँकरला इंजिनासह पंप बसवावा. सूचना योग्यच आहे. फिटर टाकीच्या मागे लहान फलाट जोडतो आणि पंप, इंजिन व नळीचे वेटोळे मिळून २०० किलो साहित्य मागील आसाच्या १.०५ मीटर मागे बसवितो. कारण तेथे जागा आहे, आणि उभे राहून काम करावयास ती सोयीची आहे. परिणाम असा : मागचा आस २५० किलोंनी वाढून १०.४५ टन झाला, पुढचा ५० किलोंनी घटून ५.६५ टन झाला. एकूण १६.१ टन. वजनकाट्याची पावती पाहणारा समाधानाने मान डोलावील, कारण १६.२ टनांच्या मर्यादेत अजून १०० किलो शिल्लक आहेत. मागचा आस अडीचशे किलोंनी मर्यादेबाहेर गेला आहे, हे त्या पावतीत कोठेच दिसत नाही.

मागचा आस पुन्हा मर्यादेत आणावयाचा तर पाणी कमी भरावे लागेल. प्रत्येक लिटरमागे मागच्या आसावरचे पाऊण किलोच उतरतात; म्हणून २५० किलो उतरविण्यासाठी सुमारे ३३५ लिटर पाणी सोडावे लागते. हेच साहित्य केबिनच्या पाठीमागे, टाकीच्या पुढच्या अंगास, मागील आसापासून ३.१५ मीटर पुढे बसविले असते, तर २०० पैकी १५० किलो पुढच्या आसाने घेतले असते व मागे ५० किलोच गेले असते. पुढचा आस ५.८५ टनांवर, म्हणजे मर्यादेतच राहिला असता, आणि पाणी केवळ ७० लिटरांच्या आसपास कमी करावे लागले असते. पंप तोच, वजन तेच. जागा बदलल्याने प्रत्येक खेपेस सुमारे २६५ लिटर पाणी वाचते. दरडोई २० लिटर धरले तर ते तेरा माणसांचे एका दिवसाचे पाणी होते.

काही ठिकाणी यावर उलटा उपाय केला जातो : मागे जड झाले ना, मग पुढे लोखंडी गार्ड बसवून तोल साधावा. वरच्या उदाहरणात १२० किलोचा गार्ड जोडून पाहा. मागचा आस १०.४५ वरून १०.४२ टनांवर येतो, म्हणजे अजूनही बाहेरच. आणि एकूण वजन १६.२२ टन होऊन तेही मर्यादेपलीकडे जाते. रोग तसाच राहिला आणि एक नवा जडला.

टाकी कमी भरण्यातही एक गोम आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लागताच पुढे धावते व चढावर मागे जमते, आणि आसांवरील वाटणी क्षणोक्षणी पालटते. टाकीत आडवे पडदे नसतील तर हा हेलकावा चालकाच्या हाताला जाणवण्याइतका मोठा असतो. म्हणून नेहमीच पाणी कमी भरावे लागत असेल, तर टाकी मोठी घेतली गेली असे समजावे.

चढाचा स्वतंत्र परिणामही आहे. वीस मीटरला एक मीटर अशा साध्या चढावर, गुरुत्वमध्य दीड मीटर उंचीवर असलेल्या या १६.१ टनांच्या गाडीचे सुमारे २९० किलो पुढच्या आसावरून मागच्या आसावर सरकतात. हे टाळता येत नाही. रचना करणारे अभियंते ते गृहीत धरतात. त्यांनी ठेवलेली ही सवड आपण पंप बसवून वापरून टाकतो.

रस्त्याचे काय होते

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर निरनिराळ्या आसभारांच्या मालमोटारी सतत फिरवून रस्ते कसे बिघडतात हे मोजले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या प्रमाणात वाढत नसून ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. आपल्याकडे भारतीय रस्ते महासभेच्या संहितांमध्ये चार टायरांच्या एकेरी आसासाठी ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन, हा प्रमाण आस मानून रस्त्याची जाडी ठरविली जाते, ती याच तत्त्वावर.

आता टँकरकडे परत वळू. मागचा आस १०.२ टनांवरून १०.४५ टनांवर गेला, ही वाढ अडीच टक्क्यांची. चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान मात्र दहा टक्क्यांनी वाढते. शंभर खेपांत एकशे दहा खेपांची झीज होते. राष्ट्रीय महामार्गावर ही वाढ हजारो गाड्यांत हरवून जाईल. गावाच्या जोडरस्त्यावर असे होत नाही. तेथे थर पातळ असतो, रहदारी हलकी धरलेली असते, आणि दिवसातून चार वेळा येणारा टँकर हीच त्या रस्त्यावरील सर्वांत जड गाडी असते. रस्त्याच्या कडा ढासळू लागल्या की ठेकेदाराकडे बोट दाखविले जाते. ते पुष्कळदा योग्यही असते. परंतु त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीचा मागचा आस कोणी मोजलेला असतो काय?

चालक आणि पाटे

पुढच्या आसावर दोनच टायर असतात आणि दिशा देण्याचे काम त्यांच्याकडे असते. तो आस जड झाला तर स्टिअरिंग जड होते, टायर तापतात, आणि वेगात पुढचा टायर फुटल्यास गाडी सावरणे फार कठीण जाते. उलट गाडी उलाळ होऊन पुढचा आस हलका झाला, तर ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाके सरकतात आणि ब्रेक लावल्यावर त्यांची पकड अपुरी पडते. घाटात चढताना स्टिअरिंग ‘मोकळे’ लागते असे चालक सांगतात, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करू नये.

मागील बाजू बसू लागली की पाटे वाढविणे हा सर्रास केला जाणारा इलाज आहे. वाढविलेल्या पाट्यांमुळे गाडी सरळ दिसते, एवढेच. आसावरचा भार त्याने एक किलोनेही कमी होत नाही. पाट्यांचे स्वतःचे वजन मात्र वाढते. टायर, आसाची नळी, बेअरिंग आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात, आणि गाडी ओव्हरलोड असल्याची डोळ्यांना दिसणारी एकमेव खूण नाहीशी होते. मागे दोन आस जोडीने असलेल्या गाड्यांत तर एकाच आसाचे पाटे कडक केल्यास तो आस दुसऱ्याच्या वाट्याचाही भार घेऊ लागतो.

मोजणी कशी करावी

यासाठी खास यंत्र लागत नाही. बाजार समिती, साखर कारखाना किंवा खडीकेंद्र येथील वजनकाटा पुरेसा आहे. काट्यावर वैधमापनशास्त्र यंत्रणेचा मुदतीतील शिक्का असल्याची खात्री करावी. प्रथम केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा टिपावा, मग संपूर्ण गाडी घ्यावी, आणि शेवटी पुढची चाके पलीकडे उतरवून केवळ मागची चाके काट्यावर ठेवावीत. प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवावी, इंजिन बंद करावे, आणि चाकांना उटी लावून ब्रेक सोडावा. ब्रेक दाबलेला असताना आसांमधील ताणाने आकडा फिरतो. पुढचा आणि मागचा आकडा यांची बेरीज एकूण वजनाशी जुळली पाहिजे. मोठ्या काट्यावर आकडा बहुधा ५ किंवा १० किलोंच्या पटीत येतो, तेवढा फरक चालेल. पण शंभर-दीडशे किलोंचा फरक पडत असेल तर काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत नाही असे समजून दुसरा काटा शोधावा.

ही मोजणी जोडकामापूर्वी व जोडकामानंतर, रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत करावी. चार पावत्यांचा हा खर्च एका टायरच्या किमतीपुढे अगदी क्षुल्लक आहे.

शिक्षकांना हाच प्रयोग वर्गात करून दाखविता येईल. एकाच उंचीचे स्वयंपाकघरातील दोन इलेक्ट्रॉनिक काटे घ्यावेत. १३० सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी दोन पेन्सिलींवर अशी ठेवावी की एकेक पेन्सिल एकेका काट्याच्या मधोमध येईल आणि पेन्सिलींमधील अंतर ८४ सेंटिमीटर राहील. दोन्ही काटे शून्यावर आणावेत. मग एका पेन्सिलीच्या बाहेर २१ सेंटिमीटरवर २०० ग्रॅमचे वजन ठेवावे. जवळचा काटा २५० दाखवील आणि दूरचा उणे ५०. वजन २०० ग्रॅमचेच असताना काट्याने २५० का दाखवावे, या प्रश्नावर सातवी-आठवीच्या वर्गात चांगली चर्चा होते. पट्टीची मापे वरच्या टँकरच्या एकपंचमांश आहेत, हे त्यानंतर सांगावे.

फेरफाराचे नियम

उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार गाडीत करण्यास कलम ५२ मज्जाव करते, आणि जे फेरफार करता येतात त्यांस नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निर्णयात या कलमाचा असाच कडक अर्थ लावला आहे. पुढच्या लोखंडी गार्डविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना कळविले होते की असे गार्ड पादचाऱ्यांस व गाडीतील माणसांसही धोक्याचे असून ते बसविणाऱ्यांवर कारवाई करावी. कलम ११३ मधील वजनमर्यादा मोडल्यास कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्चही सोसावा लागतो.

याचा अर्थ गाडीवरील सारे लोखंड उतरवावे असा मात्र नाही. मागून येणारे वाहन ट्रकखाली घुसू नये म्हणून असलेला मागचा आडवा दांडा आणि दुचाकीस्वार चाकांखाली येऊ नये म्हणून असलेले बाजूचे कठडे ही नियमानुसार आवश्यक साधने आहेत. वजन वाचविण्याच्या नावाखाली ती काढली गेल्याचे दिसते. तसे होऊ देऊ नये. गाडीची मागची बाजूही मनास येईल तितकी लांबविता येत नाही. केंद्रीय मोटारवाहन नियमांप्रमाणे मागील आसापलीकडचा भाग दोन आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये; आपल्या उदाहरणातील गाडीस ही मर्यादा २.५२ मीटरची आहे.

पंचायत समिती किंवा ग्रामपंचायत जेव्हा टँकर अथवा कचरागाडी तयार करून घेते, तेव्हा मागणीपत्रात टाकीची क्षमता, पत्र्याची जाडी आणि रंग यांचा तपशील असतो. त्यात आणखी एक अट घालावी : सर्व साहित्य बसवून झाल्यावर, पूर्ण भरलेल्या स्थितीत पुढच्या व मागच्या आसांचे वजन स्वतंत्रपणे करून त्यांच्या पावत्या पुरवठादाराने द्याव्यात आणि ते आकडे नोंदणीपुस्तकातील आसमर्यादेत असावेत. अंतिम देयक या पावत्या मिळाल्यावरच अदा करावे, आणि त्यांची एक प्रत गाडीच्या लॉगबुकात कायम चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी नवा पंप किंवा पेटी सुचविली तर मागच्या आसावर किती किलोंची जागा उरली आहे हे लगेच पाहता येईल.